वाटून दिलेली गावं

मावशी, तू गेलीस आणि मला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं. ही गोष्ट चारचौघांत बोलायची सोय नाही, म्हणून तुलाच सांगते. तू काही राग धरणार नाहीस. काही वर्षांपूर्वी, तू अजून गावं फिरत होतीस तेव्हा, शहापूरच्या बाजारात बोंबील निवडता निवडता तूच मला म्हणाली होतीस, "येमने, एकच भीती वाटते गो. डोक्यावर पाटी असताना नाय मरायला पायजे. कुठल्या तरी परक्या गावाच्या वाटेत पडायची मी, आणि लोकं आधी सुकट गोळा करतील, मग मला." बोललीस आणि खदाखदा हसलीस. शेजारी बसलेली सखूही हसली. मी मात्र त्या दिवशी तुझी भीती माझ्या घरी घेऊन गेले. मुरबाडच्या स्टँडवर शहापूरकडचं कुणी उतरलं की मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची.

तसं काही झालं नाही. तू तुझ्याच खोलीत, तुझ्याच चटईवर, ओळखीच्या माणसांमध्ये गेलीस. म्हणून हायसं वाटलं.

आता लोक विचारतात, "तुझी कोण लागत होती ती?" मी नुसतं "मावशी" म्हणते. तू माझ्या आईची बहीण नव्हतीस. आपली जात एक नव्हती, गाव एक नव्हतं. तू खाडीकाठची, लग्न होऊन शहापुरात आलेली. मी शेणव्याची सून, भातशेतीच्या घरातली. आपली गाठ पडली ती आगोटीमुळे. पावसाळ्याचे चार महिने वाटा बंद होतात, ओढे चढतात, म्हणून वैशाखातच घरोघर सुकी मासळी भरून ठेवायची. ती भरून देणारी तू. लांबूनच वास यायचा, मग आवाज, आणि मग तू. आमच्या घरात तुला सगळे सुकटवाली म्हणत. चंद्राबाई हे तुझं नाव मला कितीतरी उशिरा कळलं.

माझ्या मंजूचे वडील तापाने गेले त्यानंतरच्या आगोटीला तू आमच्या अंगणात आलीस, तो दिवस मला अजून दिसतो. जाऊबाईंनी घासाघीस करून बोंबील घेतले, जवळा घेतला, बदल्यात पायलीने भात घातलं. तू पाटी उचलायला हात मागितलास. मी जवळच उभी होते, पुढे झाले. तशा जाऊबाई घाईघाईने म्हणाल्या, "ती नको. थांब, मीच येते. तुला अजून घरं फिरायचीत, तिचा हात लागला तर धंदा बसंल तुझा."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्या तुझं भलंच बघत होत्या. पण मी पुढे केलेला हात कुठे ठेवावा ते मला कळेना.

तू चुंबळ डोक्यावर नीट बसवलीस आणि म्हणालीस, "माझ्या पाटीला रोज रांडावलेलाच हात लागतो गो. माझा सोताचा. धंदा तर नाय बसला अजून. ये पोरी, लाव हात."

मी हात लावला. पाटी केवढी जड होती! इतका वेळ तू ती हसतमुखाने घेऊन फिरत होतीस याचंच मला नवल वाटलं.

त्याच पावसाळ्यात घरात माझ्या पाटाचं, दुसऱ्या लग्नाचं बोलणं निघालं. नदीपलीकडचा एक बिजवर होता, घरात कर्ते मुलगे असलेला. त्याला चुलीपुढे बाई हवी होती, पण तिच्याबरोबर पोर नको होतं. थोरल्या दिरांना त्यात काही अडचण दिसेना. मंजू इथेच राहील, त्यांच्या मुलांबरोबर वाढेल, थोडी मोठी झाली की गुरांमागे जाईल. मंजू तेव्हा धड बोलायलाही लागली नव्हती. माझ्या माहेरीही सगळ्यांना ते पटलं होतं. माझ्यासाठी सगळे मिळून चांगलंच करत होते, आणि मला रात्रंदिवस मंजूला पोटाशी धरून बसावंसं वाटायचं.

भात कापून झालं तशी तू पुन्हा आलीस. तुझी पाटी उचलून द्यायच्या निमित्ताने मी वेशीपर्यंत तुझ्याबरोबर आले आणि तुला सगळं सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे. तू "अरेरे" म्हणाली नाहीस, पाठीवरून हात फिरवला नाहीस. विचारलंस काय, तर "तुला चालता येतं का?"

"म्हंजे?"

"शेणव्यापासून शहापूर. डोक्यावर वजन घेऊन."

"भाताचे भारे आणते की शेतावरून."

"मग चल माझ्याबरोबर. पोरीला घेऊन."

"मावशी, आमच्यात कोणी मासळी विकत नाय."

"खातात ना?"

"खातात."

"मग खाणारा वर आणि विकणारा खाली, असं कसं झालं ते मला जरा समजावून सांग."

मला ते समजावता आजही येत नाही. मी घरी गेले, मंजूला उचललं, दोन लुगडी बांधून घेतली आणि जाऊबाईंना सांगून निघाले. त्या रडल्या. दीर शेतावर होते.

बाजाराच्या मागची तुझी ती खोली! कौलांवर बोंबील वाळत घातलेले, आढ्याला सोड्यांच्या माळा, आणि दारात राखण करायला बसलेली सखू. सखूचा नवरा वीटभट्टीवर कामाला गेला होता तो परत आला नव्हता. आली ती त्याच्या मरणाची बातमी. गावाबाहेरच्या वाडीतली ती. ना शेत, ना घराखालची जागा स्वतःची. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तुला म्हणाली, "ही कुणबीण काय ओरडणार गो गल्लीत? हिचा आवाज तरी निघंल का?"

खरंच निघाला नाही. पहिल्या दिवशी तू मला एका पाड्यात पुढे चालायला लावलंस. मी पदराआडून काहीतरी पुटपुटले. एका घरातून म्हातारी बाहेर आली. तिला वाटलं मी पत्ता विचारतेय. तिने मला अगदी व्यवस्थित पाटलाच्या घरी कसं जायचं ते सांगितलं. मागे तू आणि सखू बांधावर बसून हसत होतात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला इतका संताप आला की मी तिथेच उभी राहून घसा फोडून ओरडले, "सुकट घ्या गो सुकट! बोंबील घ्या!" चार दारं उघडली. तू हसू आवरत म्हणालीस, "असाच राग रोज आण."

कुणाला धंदा शिकवायचा म्हणजे असं बसवून काही शिकवणारी तू नव्हतीस. बरोबर घेऊन चालायचीस. माल ढगाळ दिवशी कसा झाकायचा, आतून दमट आणि वरून कोरडा बोंबील हातात घेतल्यावर कसा लागतो, हे बघून बघून आलं. अंगणात गेल्यावर आधी पाणी मागायचं आणि बसायचं, विकायची घाई करायची नाही. उधार द्यायचं ते घरच्या बाईला, पुरुषाला नाही. घेणारीने ओंजळभर घेतलं तरी पाटीभर घेणारीइतकंच तिच्याशी बोलायचं. कल्याणच्या व्यापाऱ्याकडे तू मला नेलंस तेव्हा त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "ही कोण?" तू म्हणालीस, "मीच हाय असं समज. आणि मला देतोस तसा माल देऊ नको, चांगला दे."

पण एका गोष्टीवरून आपलं कधी जमलं नाही. ज्या घरी लग्न असेल त्या घराला तू लांबून वळसा घालायचीस. मांडव दिसला की आपली वाट बदलायची, मागल्या बाजूने जायचं. मी म्हणायची, "आपण काय चोर हाव?" तू म्हणायचीस, "आपल्याला मासळी विकायचीय, मान नाय विकत घ्यायचा. कुणाच्या पोरीच्या लग्नात काय वाकडं झालं तर नाव कोणाचं येईल? सुकटवालीचं. मग त्या गावात पुन्हा पाय ठेवता येईल का?" तुझं व्यवहाराने खरं होतं. पण ते माझ्या कधी गळी उतरलं नाही. वर्षानुवर्षं आपण त्याच त्याच जागी येऊन त्याच शब्दांत भांडलो. आणि सखू मध्ये बसून म्हणायची, "चला, दोघींचं झालं आसंल तर बोंबील उलटा."

मी शहापुरात येऊन वर्ष झालं असेल नसेल, थोरले दीर गावच्या दोन माणसांना घेऊन तुझ्या दारात उभे राहिले. "पोर आमच्या घरातली हाय," ते म्हणाले. "मासळीच्या वासात वाढवायची नाय आमाला. घेऊन जायला आलोय."

तू त्यांना बसायला पोतं टाकलंस, पाणी दिलंस. मग अगदी सरळ म्हणालीस, "खरंय. पोर तुमचीच. घेऊन जा."

मावशी, त्या क्षणी मी तुझा इतका द्वेष केला की विचारू नकोस. मंजू माझ्या मागे पदर धरून उभी होती.

तू पुढे बोललीस, "पण तिच्या आईलाबी घेऊन जा. तिच्या नवऱ्याच्या वाट्याचं शेत तिला तोडून द्या, म्हंजे ती तिथं राहून पोर वाढवील. मासळीला हात नाय लावणार. आता बाईला वाटा द्यायचा कायदा झालाय म्हणतात. मला अडाणी बाईला काय कळतं खरं खोटं? कचेरी ही काय, इथंच हाय. चला, सगळे मिळून विचारून येऊ." आणि तू खरोखर पदर खोचून उठलीस, चपला पायात घातल्यास.

दिरांनी त्या दोघांकडे बघितलं. दोघे कौलांवरच्या बोंबलांकडे बघत होते. "आज उशीर झालाय," दीर म्हणाले. "पुन्हा येऊ."

ते पुन्हा आले नाहीत. त्या दुपारी मंजू पोटभर जेवली आणि मी मोरीत बसून ढसाढसा रडले. तू बाहेरून ओरडलीस, "रडून झालं की भांडी घास तिथंच हायेस तर."

त्या शेताचं मात्र आपलं अर्धवटच राहिलं. मला वाटायचं, कायदा आहे तर वाटा मागावा. तू म्हणायचीस, "माग की. तुझा हक्क हाय. पण खटला चालेल तेवढी वर्षं तू शेणव्याकडं तोंड करून बसशील. इकडची वाट कोण चालंल?" मी मागितला नाही. चूक की बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही. आता मंजू मोठी झालीय, हायस्कुलात जाते. मी ठरवलंय की पाऊस उघडला की कचेरीत जाऊन विचारायचं. तू असतीस तर अडवलं नसतंस. तोंड तेवढं वाकडं केलं असतंस. ते बघायला मला आवडलं असतं.

तू तुझी गावं वाटायला लागलीस ती त्यानंतर. आधी सखूला शेणव्याकडची बाजू दिलीस. माझ्यासाठी ती वाट तुला नको होती हे मी ओळखलं. पण मग मला म्हणालीस, "तू मुरबाडला खोली घे. मुरबाडपासून घाटाकडं वैशाखऱ्यापर्यंत तुझं."

मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. वैशाखरे म्हणजे मला जगाचं टोक वाटायचं. घाटाच्या पायथ्याशी गाव, त्यापुढे डोंगर. आणि मुरबाडात मी कोणाला ओळखत होते? मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला. सखूला म्हटलं, तर ती म्हणाली, "तुला येडी म्हणू का काय म्हणू? ती तिची सगळ्यात चांगली गावं हायेत. तिथं दुसरं कोण जात नाय. बाया तिची वाट बघून बसतात."

मग तू मला तिकडे घेऊन गेलीस, एकदाच. एसटीत कंडक्टरने पाट्या चढवू दिल्या नाहीत. "गाडी वासानं भरंल, खाली उतरा," म्हणाला. तू त्याला म्हणालीस, "तुझ्या घरी आज काय केलंय रे कालवण?" तो ओशाळला, पण घेतलं नाहीच. आपण एका गवताच्या गाडीवर मागे बसून गेलो, पुढे चालत. घरोघर तू सांगत होतीस, "ही यमुना. आगोटीला आता ही येईल. मी नाय." बायांना ते आवडत नव्हतं. एक जण माझ्या तोंडावर म्हणाली, "तुझा हात आमाला माहीत हाय. हिचा कुठं माहीत हाय?" तू म्हणालीस, "माझा तरी पहिल्या खेपेला कुठं माहीत होता?"

पुढच्या आगोटीला नेमका मंजूला गोवर निघाला. मी निघेपर्यंत उशीर झाला. रस्त्यात कळलं की एक व्यापारी बैलगाडी भरून माल घेऊन त्या बाजूला गेलाय. वैशाखऱ्याच्या बायांनी एका ट्रकवाल्याबरोबर तुला शहापुरात निरोप धाडला होता की तुझी ती पोरगी काही आली नाही, तूच ये. हे मला काहीच ठाऊक नव्हतं. मी भरली पाटी घेऊन धापा टाकत गावात शिरले. मनात म्हणत होते, संपलं, सगळ्यांनी भरून घेतलं असणार, हा माल आता पावसात सडणार आणि मी शेणव्याला परत जाणार.

पहिल्याच घरची बाई मला बघून डोळ्याला पदर लावून बाहेर आली. "ये बाय," म्हणाली. "बस. लय वाईट झालं."

मला काही कळेना. दुसरीही आली. तिने माझा हात धरला. "मावशी गेली म्हणं. कशानं गेली?"

मावशी, मी कशीबशी पाटी उतरवली. मी तिथेच ओट्यावर बसले. "कोण बोललं?"

"तो ट्रकवाला आला ना निरोप घेऊन. तीच बोलली म्हणे त्याला, सांग, मावशी मेली."

"कोण बोललं त्याला?"

"मावशी!"

दोन्ही बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मला आधी हसू फुटलं, मग त्यांना. "मेली नाय ती," मी म्हटलं. "शहापुरात बसून चहा पीत असंल." मग त्या तुझ्यावर जाम चिडल्या. एकीने तर माझ्यासमोर तुला शिव्या घातल्या. पण दोघींनी माझ्याकडून बोंबील घेतले, आणि ती गोष्ट माझ्याआधी पुढच्या दारात पोचली. अर्ध्या गावाने त्या व्यापाऱ्याकडून घेतलं होतं, अर्धं गाव थांबलं होतं. थांबलेल्यांनी मला उशिराबद्दल खडसावलं, पण घेतलं. परत येताना पाटीत भात होतं आणि तळाशी थोडा जवळा उरला होता. त्या दिवसापासून मी पोटाची काळजी केली नाही.

तुला येऊन म्हटलं, "असं कोण बोलतं सोताच्या तोंडानं?" तू म्हणालीस, "मग काय सांगू? मी जिती हाय तोवर त्या तुझ्याकडून कशाला घेतील?"

वर्षं गेली. बाजारातून शेर गेला आणि किलो आला. त्या किलोला तू शेवटपर्यंत शिव्या दिल्यास. मी मुरबाडात रुळले. तू आणखी बाया आणल्यास. किन्हवलीकडची एक, डोळखांबची एक, आणि कुणी कुणी. प्रत्येकीला आधी तुझ्याबरोबर चालवलंस आणि मग एक एक गाव तिच्या हवाली केलंस. एकेकाळी तू फिरायचीस तो सगळा मुलूख हळूहळू आमचा झाला. तुझ्याकडे उरली ती शहापूरच्या बाजारातली बसायची जागा, वडाच्या सावलीतली. मी एकदा म्हटलं, "मावशी, देवमाणूस हायेस तू." तू भडकलीस. "देव कसला? पाय दुखतात माझे. एवढी गावं चालवतात का एकट्या बाईला?" मी म्हटलं, "सखूला गावं दिलीस तवा तुझे पाय धड होते." तू म्हणालीस, "आतून दुखत होते. तुला काय दिसणार?"

हे भांडण मला कधी जिंकू दिलं नाहीस. आता तू उत्तर द्यायला नाहीस, म्हणून ते मी जिंकलं असं धरत नाही. पण मावशी, तुझे पाय दुखत नव्हते. मला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी वैशाखऱ्यात एका घरी लग्न होतं. मी सवयीने मागल्या वाटेने चालले होते. त्या घरच्या म्हातारीने मला हाक मारली, "ए यमुने, चोरासारखी कुठं चाललीस? पाटी ठेव तिथं आणि ये मांडवात." मी नको नको म्हणत होते. तिने हाताला धरून मला बायकांच्या पंगतीत नेऊन बसवलं. कुणी उठून गेलं नाही. नवरी माझ्याही पानात वाढून गेली. मी तुला येऊन हे सांगितलं ते, खरं सांगते, भांडण जिंकल्याच्या तोऱ्यात. तू बराच वेळ बोंबील उलटत राहिलीस. मग विचारलंस, "जेवलीस?"

"जेवले."

"पोटभर?"

"पोटभर."

"बरं झालं," म्हणालीस. बस, एवढंच. पण त्यानंतर मांडव चुकवण्यावरून तू माझ्याशी पुन्हा कधी भांडली नाहीस.

या वैशाखात तुझा खोकला वाढल्याचं सखूने कळवलं म्हणून मी मंजूला घेऊन शहापुरात आले. तू भिंतीला टेकून बसली होतीस, आणि तुझी शेवटची चेली, वाडीवरची पारू, तुला कांजी पाजत होती. बाजारातली वडाखालची जागा तू होळीलाच पारूला देऊन टाकली होतीस हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "मग आता तुझ्याकडे काय राहिलं?" तू म्हणालीस, "खोकला." सकाळी पारू पाटी घेऊन बाजारात गेली. तू तिला दारातून जाताना बघितलंस, डोकं उशीवर टेकलंस, आणि मी चहाचं आधण ठेवेपर्यंत तू गेली होतीस. हाक मारली, तेव्हा कळलं.

खाडीकडून तुझा भाचा आला. त्याने सगळं रीतीने केलं, त्याला बोल लावायला जागा नाही. स्मशानातून आल्यावर त्याने विचारलं, "मावशीचं काय काय हाय?" आम्ही तुझी खोली दाखवली, भाड्याची. दोन पाट्या, एक तागडी, चटई. त्याला वाटलं आम्ही काही दडवतोय. त्याने बाजारातल्या जागेचं विचारलं, ती पारूची होती. गावांचं विचारलं, ती आमची होती. शेवटी तो तागडी हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला आणि तीच घेऊन गेला. कुणाशी एका शब्दाने वाद झाला नाही. तेव्हा मला कळलं तू काय करून ठेवलं होतंस. तुझ्यामागे ओढाताण करायला काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं.

पारू धास्तावली होती. तिला वाटत होतं भाचा तिला जागेवरून उठवील. तो गेल्यावर तिने पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकवली.

निरोप मिळेल तशा बाया येत गेल्या. किन्हवलीची आली, डोळखांबची आली. आगोटीचे दिवस, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यावर माल होता. पाट्या बाहेर ओळीने उतरवून आत येऊन बसल्या. थोड्या रडल्या. मग एक उठली, "मला पुढं जायचंय, वाट बघतात." मग दुसरी. एकमेकींच्या पाट्या उचलून देत होत्या आणि निघत होत्या. दुपारपर्यंत खोलीत मी, सखू, पारू आणि मंजू एवढ्याच राहिलो.

मंजू म्हणाली, "आई, भूक लागलीय."

चूल थंड होती. मी सखूकडे बघितलं. आपण सुतकात आहोत का नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

सखू म्हणाली, "आपल्याला कसलं सुतक? आपण तिच्या कोण?"

 सखूचं बोलणं तिलाच ऐकू आलं असणार, कारण तिचा चेहरा एकदम पडला. मग ती उठली, चुलीत काटक्या घातल्या आणि फुंकायला लागली. पारूने पीठ मळलं. मी तुझ्या शिल्लक मालातले चांगले बोंबील निवडले आणि निखाऱ्यावर टाकले. वास सगळ्या गल्लीत गेला. शेजारीण दारात येऊन बघून गेली.

आम्ही चौघी जेवायला बसलो. सखूने आधी मंजूला वाढलं, मग पारूला, मग मला. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. मग तिथेच जमिनीवर आडवी झाले, आणि मावशी, मला गाढ झोप लागली.